अळणी ताट

निपाणी
१२ एप्रिल २०२५

चि. सौ. त्रिशला हिस,
जय जिनेंद्र आणि आशीर्वाद.

चार वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. पाचव्यांदा तुझ्या आईंनी उचलला आणि तू आंघोळीला गेली आहेस म्हणून सांगितलं. दुपारचे तीन वाजले होते. चिकोडीत तीन वाजता आंघोळ करायची नवी पद्धत निघाली असेल तर मला माहीत नाही. म्हणून हे पत्र. पत्र लिहून मला वीस वर्षं झाली असतील, तेव्हा अक्षर लावून वाच.

परवा महावीर जयंती झाली. पालखीला गर्दी चांगली होती. सगळ्या बायकांनी तुझी चौकशी केली. तुला जरा बरं नव्हतं म्हणून माहेरी गेली आहे, असं मी सांगितलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणायची मला हौस नाही.

मामांची तब्येत सुधारते आहे. तू गेलीस त्याच्या पुढच्या सोमवारी ते न्हाणीच्या दारात पडले. पायातलं बळच गेलं होतं. बेळगावला पाच दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं, ते गोमटेशने तुला कळवलं असेल. आता घरी आहेत. जिना चढतात, संध्याकाळी वखारीपर्यंत चालत जाऊन येतात. काळजी करू नकोस.

आता मुद्द्याचं लिहिते. त्या रविवारी बस्तीत, देवासमोर, जे झालं ते झालं. मामांचं बीपी काही केल्या उतरत नव्हतं. डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं, तुम्ही घरात कुठेतरी चुकताय असं मला चारचौघांत सुनावलं. मामांचं ताट तू करत होतीस, तूच वाढत होतीस. नवरा रोज डोळ्यांदेखत सुजत चाललेला बघून माझा तोल गेला. पण मी तुला तलवारीच्या धारेवरून चालायला लावलं नव्हतं. अभिषेकाचं गंधोदक हातावर घे आणि भगवंतासमोर सांग की मामांच्या जेवणात मी मीठ घातलं नाही, एवढंच म्हणाले होते. एका वाक्याचं काम होतं. तू ते वाक्य बोलली असतीस तर विषय तिथेच मिटला असता. तू तोंड मिटून उभी राहिलीस. गल्लीतली अक्काताई होती, आणखी दहाबारा बायका होत्या. त्यांनी समजायचं ते समजून घेतलं. त्यात माझा काय दोष ते तूच सांग.

तरीपण मी वडीलधारी आहे. मनात धरून बसायचा माझा स्वभाव नाही. मी तुला माफ केलं आहे. सासू माफ करते आहे म्हटल्यावर सुनेने ताणू नये. गोमटेश आठवडाभर बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेत नोकरीला असतो, शनिवारी येतो, ताटावर बसतो आणि भात चिवडून उठतो. बायकोबद्दल काही बोलत नाही. मीही बोलत नाही.

चिकोडीहून सकाळची एस.टी. सोयीची पडते. केव्हा येतेस ते कळव.

तुझी,
आत्या


निपाणी
१५ जून २०२५

चि. सौ. त्रिशला हिस,
आशीर्वाद.

दोन महिने झाले, तुझं उत्तर नाही. तुझ्या वडिलांचा मात्र फोन आला होता. मुलीची सर्टिफिकिटं आणि शिलाई मशीन पाठवून द्या म्हणाले. मी म्हणाले, पाटीलसाहेब, एवढी घाई कसली. त्यावर ते शांतपणे म्हणाले की घाई असती तर फेब्रुवारीतच गाडी घेऊन आलो असतो. पर्युषण पर्व झालं की दोन्हीकडची चार माणसं बसवू आणि काय ते एकदाचं मोकळं करू, असंही म्हणाले. मोकळं करू म्हणजे काय ते मला कळतं. गोमटेशलाही कळलं. तो गच्चीवर जाऊन बसला.

मशीन बांधून ठेवलं आहे. सर्टिफिकिटं तुझ्या कपाटात होती, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आहेत. पाठवायला हात होत नाही. पाठवलं की तू परत यायचं काही कारणच उरणार नाही असं वाटतं.

तुझ्या कानावर आणखी एक गोष्ट आली असेल. चिकोडी काही लांब नाही. इथे गल्लीत म्हणतात की सून गेली आणि म्हाताऱ्याचं बीपी उतरलं. अक्काताईने तर दारात उभं राहून म्हटलं, "बघ शालन, मी म्हणत न्हवतो? घरातली खोड घराबाहेर गेली की माणूस सुधारतंय." हे मी म्हटलेलं नाही हे तू लक्षात घे. लोक बोलतात. लोकांची तोंडं मी कशी धरू. मी फक्त गप्प बसले.

मामांना आता खरोखरच बरं आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. थोडं पथ्य सांगितलं आहे. ज्येष्ठमधही थोडं बंद ठेवा म्हणाल्या. डॉक्टर लोक काहीबाही सांगतात, आपण ऐकायचं. गुण गोळ्यांचाच आहे.

मामा तुझी आठवण काढतात. जेवताना ते पूर्वीपासून मौन पाळतात ते तुला माहीत आहे. हल्ली जेवण झाल्यावरही ताटासमोरून लवकर उठत नाहीत.

हे पत्र वाचून तुला राग येईल असं मला लिहिताना वाटतं आहे. का वाटतं ते मात्र लिहायला जमत नाही. तू एक ओळ तरी पाठव. वाईट असली तरी चालेल.

आत्या


निपाणी
२० ऑगस्ट २०२५

त्रिशला,

तुझं कार्ड मिळालं. आशीर्वाद नाही, नमस्कार नाही, पाच शब्द. मामांचं बीपी आता किती आहे?

शिव्या दिल्या असत्यास तर मी उत्तर देऊ शकले असते. तू नेमकं तेच विचारलंस जे मी दोन पत्रांत लिहिलं नाही. ते कार्ड चार दिवस माझ्या चष्म्याच्या डबीत होतं. पाचव्या दिवशी यांनी ते बघितलं, वाचलं, आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तू सांगतीस का मी सांगू?" फेब्रुवारीपासून त्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन वेळेला मी त्यांना माझी शपथ घातली होती आणि त्यांनी ती पाळली. शपथ घालायला मला फार सोपं जातं, हे माझ्या आत्ताच लक्षात येतं आहे.

तर ऐक. काल सकाळी मामांचं बीपी एकशे चौतीस, खालचं चौऱ्याऐंशी होतं. मार्च संपता संपताच ते इतकं आलं होतं. म्हणजे मी तुला माफ केल्याचं पत्र लिहिलं त्याच्याही आधी. आणि ते का उतरलं हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

सुरुवातीपासून लिहिते, कारण तुला त्यातलं निम्मंच माहीत आहे. गेल्या वर्षी पर्वाच्या शेवटी मामांनी मुनिमहाराजांपुढे नियम घेतला, तंबाखू जन्मात तोंडात घालणार नाही. सतराव्या वर्षापासून तळहातावर चुना मळणारा माणूस, आयुष्यभर तंबाखूच पिकवली आणि विकली. गल्लीतल्या लोकांनी पंधरा दिवस मुदत दिली होती. त्यांचा नियम मोडू नये म्हणून मी ज्येष्ठमध आणलं. तोंडात काहीतरी हवं, हाताला चाळा हवा, म्हणून काडी. माझे वडील औषधं द्यायचे, तो डबा मी लग्नात बरोबर आणला होता, तर ज्येष्ठमध म्हणजे माझ्या माहेरचं. मला त्याचा किती अभिमान होता ते तू बघितलं आहेस.

वडील, आमचे दादा, चिमूटभर द्यायचे. खोकल्याला, मधातून, चार-पाच दिवस. मी काय केलं? सकाळी ग्लासभर काढा. दिवसभर चघळायला बोटाएवढ्या पाच-सहा काड्या. दिवस मावळल्यावर आपल्यात काही घ्यायचं नसतं, मग रात्री तलफ आली तर काय, म्हणून सूर्यास्ताआधी आणखी एक ग्लास, तो सकाळच्यापेक्षा दाट. काष्ठौषधीच्या दुकानातून महिन्याला किलोभर यायचं. दुकानदार म्हणाला, आक्का, कुठं वाटप करतायसा काय. मी हसले. आणि मामांनी खरंच तंबाखू सोडली. बस्तीत त्यांचं कौतुक झालं की बायका माझ्याकडे बघायच्या. ते मला आवडायचं.

दिवाळीनंतर बीपी चढायला लागलं. डिसेंबरात तू स्वयंपाकघरात फोन घेऊन आलीस. तू काय म्हणालीस ते मला शब्दनशब्द आठवतं. "आत्या, बीपीवाल्यांनी ज्येष्ठमध लई खाऊ नये म्हणत्यात. एकदा डॉक्टरांना विचारूया का?" आणि मी म्हणाले, "माझ्या वडलांनी पन्नास वरसं लोकांस्नी दिलंय. तू चार ओळी वाचून मला शिकवू नगंस. आन् डॉक्टरापुढं ह्यातलं एक अक्षर काढायचं न्हाय." तू फोन पदराखाली घेतलास आणि भाकऱ्या थापायला बसलीस. त्यानंतर तू तो विषय काढला नाहीस. मी काढू दिला नाही.

बेळगावचं लिहिते. मामांच्या छातीला वायरी लावल्या तेव्हा पडद्यावरचे ठोके एकसारखे नव्हते. मध्येच एक चुकायचा, मग दोन घाईघाईने यायचे. रक्तातलं पोटॅशियम दोन पॉइंट तीन निघालं. साडेतीनच्या खाली जाऊ नये म्हणे. डॉक्टर तुझ्याच वयाची मुलगी होती. तिने मला तीन वेळा विचारलं की हे काय काय खातात. मी सगळं सांगितलं, अळणी भाजी, भाकरी, ताक, दोन गोळ्या. तिसऱ्या वेळेला तिने विचारलं, काही चघळतात का? मी ताठ मानेने म्हणाले, तंबाखू सोडलीय, नियम घेतलाय महाराजांपुढे. तेवढ्यात मामांना उबळ आली आणि त्यांनी स्टीलच्या भांड्यात पिवळा चोथा थुंकला. इतक्या त्रासातही काडी तोंडात होती. मीच सकाळी खिशात घातली होती.

ती म्हणाली, हे काय? मी म्हणाले, ज्येष्ठमध, ते खाणं नव्हे आणि औषधही नव्हे. माझ्या मनात ते कशातच धरलेलं नव्हतं.

तिने खुर्ची ओढली आणि मला शाळेतल्या पोरीसारखं समजावलं. "आजी, तुम्ही ताटातलं मीठ तोडलंत, पण यांचं अंगच मीठ सोडत नव्हतं." ज्येष्ठमधाचा जो गोडवा आहे तो अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतो, म्हणून बीपी चढतं आणि पाय सुजतात. आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ते गेलं की पायातलं बळ जातं आणि काळजाचे ठोके चुकायला लागतात. त्यात निपाणीच्या डॉक्टरांनी सूज उतरावी म्हणून लघवीची गोळी वाढवली होती, तिनेही पोटॅशियमच जात होतं. त्या बिचाऱ्यांना तरी कोण सांगणार होतं. आणखी आठवडा गेला असता तर ठोका थांबलाही असता, असं ती म्हणाली. खोकल्याला कधी चिमूटभर घेतलं तर गोष्ट वेगळी, पण बीपीच्या माणसाने रोज आणि एवढं घ्यायचं नाही. मग तिने सहज विचारलं, घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं का?

मी नाही म्हणाले.

त्रिशला, तिथून पुढचं सगळं मी समजून उमजून केलं आहे. काढा बंद झाला, तीन आठवड्यांत सूज उतरली, पाचव्या आठवड्यात बीपी जाग्यावर आलं. आणि गल्लीने हिशेब लावला की सून गेली म्हणून उतरलं. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी तुला एका वाक्याचं काम म्हणून लिहिलं होतं ना, तसंच हे एका वाक्याचं काम. मला जमलं नाही.

आणखी सांगते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तू दर रविवारी मामांचं बीपी पेन्सिलने लिहायचीस. दवाखान्यातून आल्यावर मी ते पान पान उलटून बघितलं. सप्टेंबरात एकशे बेचाळीस, नोव्हेंबरात एकशे साठ, जानेवारीत एकशे ऐंशी. काढा जसा दाट झाला तसा तुझा आकडा वर गेला. कुणीही बघितलं असतं तर कळलं असतं. मी दोन्ही वर्षांची कॅलेंडरं काढली आणि बंबात घातली. गोमटेशने विचारलं, तेव्हा वाळवी लागली होती म्हणाले.

बस्तीत तू गप्प का राहिलीस याचा मी रोज विचार करते. तू तोंड उघडलं असतंस तर ज्येष्ठमधाचं नाव निघालं असतं आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या असत्या. तू ते माझ्यासाठी गिळलंस, की न केलेल्या पापाची शपथ घ्यायची नाही म्हणून गप्प राहिलीस, मला माहीत नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी माझी मान खालीच जाते.

गोमटेशला अजून सांगितलेलं नाही. आठ दिवसांनी पर्व सुरू होईल. ते झालं की क्षमावाणीला, सगळ्या समाजापुढे, त्याच बस्तीत मी हे बोलणार आहे. मला लाज वाटते. भीतीही वाटते, ती लाजेहून जास्त.

शालन


निपाणी
९ सप्टेंबर २०२५

त्रिशला,

काल क्षमावाणी झाली. मी बोलले. कसं झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लगेच लिहिते, नाहीतर चिकोडीपर्यंत जाईस्तोवर त्याचं काय होईल सांगता येत नाही.

आपल्याकडे क्षमावाणी कशी असते ते तुला माहीत आहे. जो तो दुसऱ्यासमोर हात जोडतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा, म्हणतो, आणि पुढच्यासमोर जातो. वर्षाचं सगळं अर्ध्या तासात धुऊन निघतं. मी मागच्या पत्रात तो दिवस निवडला तेव्हा मला वाटलं होतं की धर्माचा दिवस आहे म्हणून निवडते आहे. काल सकाळी साडी नेसताना कळलं की सोपा दिवस म्हणून निवडला होता. त्या दिवशी कुणी कुणाला नाही म्हणत नाही.

अभिषेक झाल्यावर मी पंडितांकडून माइक मागून घेतला. गोमटेश रजा काढून आला होता, पुरुषांच्या बाजूला यांच्याशेजारी बसला होता. त्याला आधी एकट्याला सांगायचं धैर्य मला झालं नाही, तेही लिहून ठेवते. मी सगळं सांगितलं. काढा, काड्या, डॉक्टर काय म्हणाली ते, तू डिसेंबरात सावध केलं होतंस ते. त्रिशलाने मीठ घातलं नव्हतं, मी ज्यावरून तिला इथे उभी करून शपथ मागितली तो आळ खोटा होता, असं म्हणाले.

आणि काय झालं असेल? अक्काताई पुढे आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "अगं, कळत-नकळत सगळ्यांच्याच हातनं हुतंय. उत्तम क्षमा. एवढं मनाला लावून घिऊ नगंस." मग तिच्यामागच्या बायका एकेक करून आल्या. उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. एकीने माझे डोळे पुसले. एकीने मला घरच्या घरी करायचा दुसरा काढा सांगितला. पाच मिनिटांत मी धुतलेली झाले. तुझ्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. सात महिने ज्या बायकांनी तुला एका चिमूट मिठासाठी सोडलं नाही, त्यांनी मला उभ्या उभ्या माफ केलं, कारण मी सासू आहे आणि मी त्यांच्यातली आहे.

तेव्हा मी मागच्या पत्रातही न लिहिलेली गोष्ट बोलले. ती आता तुलाही लिहिते.

त्या रविवारी बस्तीला जायच्या आधी मामांचं ताट झाकून ठेवलेलं होतं. तू न्हाणीत होतीस. मी झाकण काढून दोडक्याची भाजी बोटाने चाखली. मग आमटी चाखली, मग भाकरीचा तुकडा तोडून बघितला. सगळं अळणी होतं. मिठाचा कण नव्हता. मी परत झाकण ठेवलं, हात धुतले, आणि तासाभराने तुझ्या हातावर गंधोदक घालून तुला शपथ घे म्हणाले.

का, ते मी सात महिने स्वतःला विचारते आहे. डॉक्टरांनी घरात कुणीतरी चुकतंय म्हटलं होतं. घरात स्वयंपाक करणाऱ्या दोघीच. तू नसशील तर मी उरत होते. तू डिसेंबरात म्हणालेलं माझ्या मनातून गेलेलंच नव्हतं, फक्त ते खरं निघू नये एवढीच माझी धडपड होती. म्हणजे ज्येष्ठमधाने अपाय होतो हे मला माहीत नव्हतं, ती माझी चूक. पण तू निर्दोष आहेस हे मला माहीत होतं. त्याला चूक म्हणत नाहीत.

मी अक्काताईचा हात धरून ठेवला आणि म्हणाले, "नकळत न्हवं अक्का. कळत. ताट मी चाखलं हुतं. मला ठावं हुतं."

माइक चालूच होता. सगळ्या बस्तीत ते ऐकू गेलं. अक्काताईने हात सोडवून घेतला. त्यानंतर कुणी उत्तम क्षमा म्हटलं नाही. बायका पदर सावरत बाजूला झाल्या, चपला शोधायला लागल्या. आज सकाळी दुधाच्या रांगेत माझ्याशी कुणी बोललं नाही. मला वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं. सात महिने तुला हे कसं लागलं असेल ते मला पाव लिटर दूध घेईपर्यंतच्या वेळात समजलं.

गोमटेश बस्तीच्या पायरीवर बसला होता. मी जवळ गेले तर त्याने सरकून जागा दिली. बराच वेळ तो बुटाची नाडी बांधत होता. मग म्हणाला, "आई, तू खोटं बोललीस ते तुझं. मी तिला एकदाबी विचारलं न्हाय, ते मी कुणाला सांगू?" तुझ्याकडे जा असं मी त्याला म्हणाले नाही. तो आला तर स्वतःचं स्वतः बोलेल, मी शिकवलेलं त्यात काही नसेल. आल्यावर दार उघडायचं की नाही तेही तूच बघ. मशीन आणि सर्टिफिकिटं आज टेम्पोने पाठवते आहे. ती मी अडवून धरायला नको होती.

आता रविवारचं. तुझ्या वडिलांनी चौदा तारीख धरली आहे. दोन्हीकडची पाच-पाच माणसं तुमच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसणार. काल रात्रीपासून आमच्याकडचे लोक फोन करताहेत. एकजण म्हणाला, बस्तीत बोलायचं ते बोललात, आता बैठकीत तेवढं तोंड उघडू नका, नाहीतर सगळं आपल्या अंगावर येईल. मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

मामांनी हे ऐकलं. जेवणाची वेळ होती, तरी त्यांनी मौन सोडलं आणि विचारलं, "मग तू कुठं बसणार हैस?"

तुझ्या वडिलांना सांग, मी येते आहे. तू परत यायचं ठरवलंस किंवा सोडायचं ठरवलंस, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. पण सोडायचं ठरवलंस तर कुणीतरी उठून म्हणेल की मुलीतच काहीतरी असेल. तेव्हा तसं नाही म्हणून सांगणारं माणूस तुमच्याकडे हवं, आणि ज्याने स्वतः ताट चाखलं असं माणूस माझ्याखेरीज दुसरं नाही. रविवारी माझी सतरंजी तुमच्या बाजूला घालायला सांग.

शालन वर्धमान चौगुले